अमेरिकेतल्या काउंटी पुअरहाउसच्या नोंदींतून घराण्याचा माग

अडकित्ता
वंशावळीवर इथे पुष्कळ धागे आहेत, पण त्यात कुलवृत्तांत, नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या, इनामाचे कागद असाच मामला असतो. हा धागा जरा आडवाटेचा. माझं सासर अमेरिकन, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेकडचं, मूळ आयरिश. सासूबाईंच्या आजोबांबद्दल घरात एकच कथा चालत आलेली: आई बोटीवर वारली, पोरगा अनाथाश्रमात वाढला. त्यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नाही.

नवऱ्याला यात काडीचा रस नाही, म्हणून मीच बसले. १८८० च्या अमेरिकन जनगणनेला सात पुरवण्या होत्या. वेडे, मंदबुद्धी, मूकबधिर, आंधळे, बेघर मुलं, कैदी आणि कंगाल अशा सात याद्या वेगळ्या भरायच्या. (शब्द त्या काळचे, माझे नव्हेत.) आमचे आजोबा ‘बेघर मुलं’ या पुरवणीत सापडले, वय ७. त्यात विचारलंय की वडील मयत आहेत का, आई मयत आहे का. आईच्या रकान्यात चक्क ‘नाही’.

म्हणजे बाई जिवंत होती! मग होती कुठे? शोधता शोधता निघाली शेजारच्याच काउंटीच्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच) पुअरहाउसात. १८७८ च्या हिवाळ्यात दाखल, सोबत तान्ही मुलगी.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: पुअरहाउस म्हणजे काउंटीने कराच्या पैशातून चालवलेलं निराधारांचं घर. बहुतेक ठिकाणी शेतीही असायची आणि हातपाय चालणाऱ्यांना तिथे राबावं लागायचं. न्यूयॉर्कमध्ये १८२४ च्या कायद्यानंतर ती काउंटीगणिक उभी राहिली. त्याआधी गावोगावचे ‘ओव्हरसियर ऑफ द पुअर’ गरिबांना घरपोच शिधा-सरपण द्यायचे, नाहीतर सरळ लिलाव करायचे. तोही उलटा. जो सर्वांत कमी पैशात त्या माणसाला पोसायला तयार होईल, त्याच्या घरी रवानगी.

प्रश्न दोन. ती नोंद वाचायची कशी, आणि १८८० नंतर या बाईचं काय झालं ते कुठे शोधायचं? काउंटीचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाहीये.

दहीपोहे
रुमाल टाकून ठेवते. वाचतेय.

शेवटचीलोकल
उलटा लिलाव? म्हणजे ज्याला सर्वांत कमी पैसे लागतात तो त्या माणसाला खायला काय घालत असेल?

अडकित्ता
अगदी हाच आक्षेप १८२४ साली न्यूयॉर्क राज्याच्या येट्स नावाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटने आपल्या अहवालात घेतला होता. त्यावर उपाय म्हणून पुअरहाउस आलं. उपाय किती बरा निघाला हा वेगळा विषय.

घाटमाथा
ताई, योग्य ठिकाणी आलात. मी बफेलोजवळ राहतो, निवृत्तीनंतर इथल्या एका इतिहास मंडळात फायली लावायला जातो. जरा इस्कटून सांगतो.

आधी आई आणि मुलगा वेगळे का? त्यामागे १८७५ चा न्यूयॉर्कचा कायदा आहे. तीन ते सोळा वर्षांच्या मुलांना पुअरहाउसात ठेवायचं नाही असं त्याने ठरवलं. हेतू चांगला होता, कारण तोवर पोरं वेडसर, आजारी, दारुडे अशा सगळ्यांबरोबर एकाच छपराखाली वाढत. पण परिणाम असा की आई पुअरहाउसच्या दारात आली की तान्हं मूल तिच्याजवळ राहायचं आणि पाच वर्षांचं अनाथाश्रमात जायचं. तुमच्या आजोबांचं वय बरोबर त्या कात्रीत बसतं. त्या काळच्या अनाथाश्रमांत आई किंवा बाप हयात असलेली मुलं भरपूर असत. तेव्हा ‘आजोबा अनाथाश्रमात होते’ एवढ्यावरून कुणी आई-बाप दोघांनाही मारून टाकू नये.

आता नोंदी. १८७५ पासून राज्याच्या ‘बोर्ड ऑफ चॅरिटीज’ने प्रत्येक पुअरहाउसला छापील फॉर्म दिले, दर माणशी एक. १९२१ पर्यंतचे हे फॉर्म ऑल्बनीच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवरही चढलेत. न्यूयॉर्कचे रहिवासी असाल तर अभिलेखागारामार्फत ते फुकट पाहता येतात, वर्गणी भरत बसू नका. नाव, वय, लग्न झालंय का, स्वतःचं आणि आई-बापांचं जन्मस्थान, अमेरिकेत किती वर्षं, कोणत्या बंदरात उतरली, शिक्षण, धंदा, एवढं सगळं त्यात विचारलंय. आयरिश घराण्यांना जनगणनेत जन्मस्थानापुढे नुसतं ‘आयर्लंड’ मिळतं. इथे कारकुनाने मनावर घेतलं असेल तर परगणाही सापडतो.

आणखी एक. १८९० ची जनगणना १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत जवळपास सगळी गेली. त्यामुळे १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची खिंड पडते आणि लोक तिथेच दमतात. गरिबाघरच्या माणसाची त्या खिंडीतली नोंद कुठे असेल तर बऱ्याचदा ती याच फॉर्मवर.

शोधताना नावावर विसंबू नका. कारकून कानाला ऐकू आलं ते लिहायचा. काउंटी आणि साल धरून पानं एकेक उलटत जा. कंटाळवाणं आहे, पण शोधपेटीपेक्षा जास्त सापडतं.

अडकित्ता
काका, शंभर धन्यवाद. फॉर्म होता तिथेच! बंदर न्यूयॉर्क, अमेरिकेत नऊ वर्षं. म्हणजे ती आली १८६९ च्या आसपास, आणि आजोबा जन्मले इथेच. बोटीची कथा पार बुडाली.

पण पुढचे रकाने वाचून अंगावर काटा आला. सवयी कशा, ‘संयमी’ की ‘व्यसनी’. बाईच्या पुढे ‘संयमी’. तिच्या बापाच्या पुढे ‘व्यसनी’. बाप तर आयर्लंडात राहिलेला! अवलंबित्वाचं कारण: नवऱ्याने टाकलं. मग शेवटी, ‘या स्थितीतून बाहेर येण्याची कितपत शक्यता’. त्यावर एक शब्द: ‘अनिश्चित’.

लिंबलोण
मला एक खटकतंय, रागावू नका. तुमच्या सासूबाईंना हे विचारलंत का? त्या पिढीने जे मुद्दाम झाकलं ते उकरायचा हक्क आपल्याला कुणी दिला? माझ्या आजोळी एक आत्या ‘काशीला गेली’ असं सांगत. ती कुठे गेली ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं, आणि घर टिकलं. काही गोष्टी बंद बऱ्या.

पाटाखालचीवाट
आत्याला कुणी विचारलं होतं का, बंद बरं की उघडं?

लिंबलोण
टोमणा पोचला. पण मुद्दा तसाच आहे.

अडकित्ता
लिंबलोण, प्रश्न रास्त आहे. सासूबाईंना विचारूनच पुढे गेले. आजोबांनी आपल्याला ‘सोडून दिलं’ असं आयुष्यभर मनात धरलं होतं, असं त्यांचं म्हणणं, कारण लहानपणी आश्रमात कुणीतरी तसं त्यांना सांगितलं होतं म्हणे. सासूबाईंनी १८७५ च्या कायद्याचं वाचलं आणि पहिला प्रश्न केला, ‘मग ती त्याला भेटायला जात असेल का?’ ते मला अजून सांगता आलेलं नाही.

मोडीवाचक
‘व्यसनी बाप’ या रकान्यावर थोडं लिहितो, कारण अशा कागदांचा हा खरा धोका आहे.

फॉर्म कुणी आणि कशासाठी केला ते बघा. राज्याच्या त्याच बोर्डाचे सचिव चार्ल्स हॉइट यांनी १८७० च्या दशकात राज्यभरच्या पुअरहाउसांतल्या हजारो माणसांची पाहणी केली. गरिबी रक्तातून उतरते, बाप-आजा सरकारी अन्नावर असेल तर नातूही तिथेच येतो, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून तर आई-बाप आणि आजी-आजोबांपर्यंत विचारणा. दारूचा रकानाही त्याच हिशेबातला. अटलांटिकपलीकडच्या म्हाताऱ्याच्या सवयी बफेलोच्या कारकुनाला कुठून कळणार? बाई जे बोलली ते, किंवा आयरिश आहे म्हणजे असणारच या समजुतीतून लिहिलेलं.

गंमत अशी की ज्या कुळांना दोषी ठरवायला हे प्रश्न घातले, त्यांच्याच वंशजांना आज तीन पिढ्यांची माहिती त्यातून मिळते. मात्र वाचताना प्रत्येक रकान्याला विचारा, हे लिहिणाऱ्याला कसं कळलं? वय, बंदर, मुलं किती, हे बाईने सांगितलेलं. ‘आळशी’, ‘दुर्वर्तनी’ हे साहेबाचं मत. दोन्ही एकाच शाईत असतात म्हणून दोन्ही सारखेच खरे होत नाहीत. मोडी दप्तरांत हा अनुभव रोज येतो, तिथेही फिर्यादीचं म्हणणं आणि कारकुनाची मल्लिनाथी एकाच ओळीत.

दहीपोहे
+१. आणि ताई, ‘नवऱ्याने टाकलं’ यावरही लगेच विश्वास नको. नवरा काम शोधायला कालव्यावर किंवा रेल्वेवर गेला आणि परत आला नाही, तरी तेच लिहायचे.

अवांतर: हेलन केलरच्या बाई अ‍ॅन सुलिव्हन, आपल्या शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांना माहीत. त्या अशाच घरात वाढल्या. मॅसॅच्युसेट्समधलं ट्यूक्सबरी, पण ते काउंटीचं नव्हे तर राज्याचं. आई क्षयाने गेली, बापाला झेपेना. फेब्रुवारी १८७६ मध्ये नऊ वर्षांची अ‍ॅन आणि धाकटा भाऊ जिमी दोघंही तिथे भरती. जिमी काही महिन्यांत तिथेच गेला. १८८० मध्ये तपासणीला आलेल्या पाहुण्यांसमोर ती पुढे झाली, मला शाळेत जायचंय म्हणाली, तेव्हा सुटका. घाटमाथाकाकांच्या कायद्याशी ताडून बघा: तीच मुलं सीमेपलीकडे न्यूयॉर्कात असती तर दारातच वेगळी पडली असती. जिमीला शेवटपर्यंत बहीण तरी होती. कोणतं बरं, मला ठरवता येत नाही.

शेवटचीलोकल
अवांतर कसलं, धाग्याचा गाभाच आहे हा.

पाटाखालचीवाट
१८८० नंतरचं शोधायचं तर वाईट शक्यता आधी तपासा. पुअरहाउसात वारली असेल तर तीन शक्यता. एक, नातेवाइकांनी नेलं. दोन, तिथल्याच दफनभूमीत, बहुधा नाव नसलेल्या जागी. तीन, जी कुणी बोलत नाही: प्रेत कुणी मागायला आलं नाही तर ते वैद्यकीय कॉलेजला जायचं. मॅसॅच्युसेट्सने १८३१ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८५४ मध्ये कायद्याने त्याला मुभा दिली. त्यामुळे दगड सापडला नाही म्हणून बाई तिथे मेली नाही असं म्हणता येत नाही.

दफनभूमी कधीकधी फार उशिरा वर येतात. बफेलोत विद्यापीठाच्या जुन्या आवारात इरी काउंटी पुअरहाउसची स्मशानभूमी होती. अलीकडे तिथल्या खोदकामात शेकडो सांगाडे निघाले, अभ्यास झाला आणि मग ते पुन्हा पुरले. मिल्वॉकीला १९९१-९२ मध्ये हॉस्पिटलच्या बांधकामात काउंटीच्या पुअर फार्मची दीड हजारांहून जास्त दफनं सापडली. तिथे दफनांची वही टिकली आहे, त्यामुळे निदान नावं तरी आहेत. सगळीकडे ती टिकली नाही.

घाटमाथा
वर वाईट शक्यता आली, आता दुसरी बाजू. बहुतेक माणसं पुअरहाउसात मरायला जात नसत. थंडीत काम बंद पडलं की गर्दी, बर्फ वितळला की पांगापांग. बाळंतपण, मोडलेला पाय, गेलेली नोकरी, आणि काही महिन्यांनी बाहेर. पुढे पुढे म्हातारी माणसं जास्त राहू लागली, ती गोष्ट वेगळी. तेव्हा ताई, दाखल-वहीबरोबर सुटकेची वही मागा. ती बहुधा राज्याकडे नसते, काउंटी क्लार्कच्या तळघरात, इतिहास मंडळात किंवा जुन्या इमारतीतच जे नर्सिंग होम झालंय तिथे असते. काउंटीने नेमलेला ‘काउंटी हिस्टोरियन’ असतो, त्याला साधं पत्र लिहा. ई-मेलपेक्षा फोन बरा.

आणि काउंटीचा कारभार बघणाऱ्या ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’चे दरवर्षीचे छापील अहवाल चाळा, हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयात बरेच आहेत. त्यात पुअरहाउसचा ताळेबंद येतो: इतकं गहू पिकलं, इतकी डुकरं विकली, सुताराला शवपेट्यांचे इतके दिले. काही काउंट्या मदत घेणाऱ्यांची नावंही छापत. माणूस कोणत्या गावाच्या नावे खर्ची पडला हेही दिसतं, कारण त्यावरून गावं आणि काउंटी सतत भांडत. एखाद्या गावात वर्षभर राहिलं की तिथला वास्तव्याचा हक्क लागे. त्या एका ओळीवरून बाई आधी कुठल्या गावात होती ते कळतं आणि मग त्या गावचं चर्च, त्या गावची दफ्तरं उघडता येतात. आयरिश असेल तर कॅथलिक चर्चचा बाप्तिस्मा-रजिस्टर सोडूच नका, त्यात धर्ममाता-धर्मपिता असतात आणि ते बहुधा नात्यातलेच.

आणखी, १८७५ ची न्यूयॉर्कची राज्य जनगणना बघा. नवरा अजून घरात असेल तर तिथे सापडेल, आणि पोराचा जन्म कोणत्या काउंटीत झाला तेही लिहिलेलं असेल.

विलार्ड या न्यूयॉर्कच्या सरकारी मनोरुग्णालयाचं मात्र आधीच सांगून ठेवतो. १८६९ पासून पुअरहाउसातल्या मानसिक रुग्णांना विलार्डच्या आश्रमात हलवू लागले. तिथल्या रुग्णांच्या नोंदी अजूनही बंद आहेत, पणतूलाही सहजी देत नाहीत. ते हॉस्पिटल १९९५ मध्ये बंद झालं तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या चारशेहून जास्त पेट्या-बॅगा मिळाल्या. त्यांच्या मालकांची नावं सांगायचीसुद्धा सोय नव्हती.

लिंबलोण
पणतूला नाव कळू नये हे मलाही पटत नाही. मी बंद बरं म्हणाले ते घरातल्या माणसांनी ठरवायचं म्हणून, सरकारने नव्हे.

मोडीवाचक
आपल्याकडचं कुणीतरी विचारणारच म्हणून: दुष्काळात ब्रिटिश सरकारही पुअरहाउस उघडायचं. खडी फोडायच्या कामालाही जो लायक उरला नाही त्याला तिथे शिजवलेलं अन्न. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यात ती होती. पण सरकारी अहवालांत आकडे भेटतात, माणसं भेटत नाहीत. त्यापेक्षा १८९७ आणि १९०० मध्ये पंडिता रमाबाईंनी केडगावला आणलेल्या मुलींचा माग लागण्याची शक्यता जास्त. आपले कुलवृत्तांत तर विचारूच नका, ज्याच्याकडे वतन किंवा वर्गणी त्याचं पान मोठं.

दहीपोहे
मॉरिशसचं विसरू नका! माझ्या मामेसासऱ्यांची तिकडची शाखा रत्नागिरीकडून करारावर गेलेल्या मजुरांची. तिथल्या मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांची रजिस्टरं आहेत. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळातल्या बऱ्याच जणांचे फोटोसुद्धा. रत्नागिरीत राहिलेल्या भावकीकडे त्या पिढीची एक ओळ नाही आणि गेलेल्याच्या कपाळावरच्या व्रणाची नोंद साता समुद्रापलीकडे जपलेली.

अडकित्ता
वर आणते धागा, कारण बातमी आहे.

काउंटी हिस्टोरियन बाई फार भल्या निघाल्या. सुटकेच्या वहीत नोंद आहे: एप्रिल १८८१, बाई आणि मुलगी, ‘स्वतःच्या मर्जीने’. म्हणजे ‘अनिश्चित’ लिहिणाऱ्याला तिने खोटं पाडलं म्हणायचं. १८७५ च्या राज्य जनगणनेत नवरा सापडला, धंदा मजूर. त्यानंतर तो गायब.

अनाथाश्रमाची मूळ वही एका चर्चच्या संग्रहात आहे, तिथे अर्ज टाकलाय. भेटीला येणाऱ्यांची नोंद ठेवत का ते विचारलंय, सासूबाईंसाठी. १८९२ च्या राज्य जनगणनेत त्या नावाच्या आणि वयाच्या दोन बायका आहेत, एक धोबीण, एक कुणाकडे घरकामाला. पण त्या वर्षीच्या तक्त्यात नातं लिहीतच नाहीत, नुसती नावांची रांग. धोबिणीच्या खालच्या ओळीत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आहे. मला तीच वाटतेय, पण वाटून उपयोग नाही.

घाटमाथा
धोबिणीच्या आजूबाजूची पाच-दहा घरं उतरवून घ्या. बाप्तिस्म्यातली धर्ममाता शेजारी राहत असेल तर तुमचं काम झालं. १९०० च्या जनगणनेत ‘किती मुलं झाली, किती हयात’ असा रकाना आहे, त्यातल्या ‘दोन, हयात दोन’वर नजर ठेवा.

रातराणी७७
नवीन सभासद आहे, पहिलाच प्रतिसाद. माझ्या मुलीच्या सासरचे ओहायोचे आहेत. तिथे पुअरहाउस शोधलं तर काहीच येत नाही. तिथे नव्हती का?

घाटमाथा
होती, पण ओहायोत १८५० पासून त्यांना ‘काउंटी इन्फर्मरी’ म्हणत आणि नंतर ‘काउंटी होम’. त्या नावांनी शोधा. इतरत्र ‘पुअर फार्म’, ‘अल्म्सहाउस’, ‘टाउन फार्म’ असं काहीही. वायव्य ओहायो असेल तर बोलिंग ग्रीनच्या विद्यापीठाचं अभिलेखागार आधी बघा. तिथली जुनी वुड काउंटी इन्फर्मरी आज काउंटीचं संग्रहालय आहे, जाऊनच या. काउंटी कोणती ते सांगा, म्हणजे पुढचं सांगतो.